धडगाव केंद्राची क्षमता

३ फेब्रुवारी

ही वही नमनने दिली. पुण्याच्या कंपनीकडून आलेली, काळ्या पुठ्ठ्याची, रबरी पट्टी लावलेली. प्रकल्पातल्या प्रत्येकाने रोज काय शिकलो ते तिच्यात लिहायचे आणि महिनाअखेर सगळ्यांसमोर वाचून दाखवायचे. वाचायची पाने मी वेगळी लिहीन. ही माझी.

नमन म्हणजे अमृतलालजींचा नातू. अमृतलालजींनी नंदुरबारला धर्मादाय रुग्णालय काढले तेव्हा तो जन्मलाही नव्हता. आता तो बाहेर शिकून आला आहे आणि रुग्णालयाची संगणक व्यवस्था 'मानक पद्धती'वर आणणार आहे. इथले रुग्णालय, धडगावचा दवाखाना आणि तोरणमाळचा दवाखाना, तिन्हींचे रुग्णांचे कागद एकाच सर्व्हरमध्ये असतात. हा सर्व्हर पूर्वीच्या घोंगड्यांच्या खोलीत ठेवला आहे. अजूनही त्या खोलीला लोकरीचा वास येतो.

"आंटी, समन्वयक तुम्ही," नमन म्हणाला.

मी म्हटले, मी रुग्णालयाच्या कार्यालयातली पत्रे लिहिणारी, मला संगणकावर पत्र टाइप करण्यापलीकडे काही येत नाही.

"कॉम्प्युटर कळायची गरजच नाही. प्रोसेस कळली पाहिजे. आणि तुमचं इंग्लिश इथे सगळ्यात चांगलं आहे."

एकोणसाठाव्या वर्षी कुणी असे म्हटले की बरे वाटते, हे कबूल करते. नाशिकला आमच्या शाळेत सिस्टर बेनेडिक्टा दर शुक्रवारी श्रुतलेखन घेत. कान उघडा आणि डोके बंद ठेवा, म्हणत. ऐकाल तेच लिहा, तुमचे स्वतःचे घालू नका. सहावी ते दहावी माझा पहिला नंबर कधी चुकला नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा त्या कानांचे फार हाल झाले. सगळ्या 'आहे'चे 'शे'. स्वयंपाकाला येणारी छबूबाई आजही सकाळी दारातूनच सांगते, "ताई, दूध नही शे." नवनीतराव घरात माझ्याशी कधी अहिराणी बोलले नाहीत. माझ्या कपाळावर आठी दिसायची म्हणून असेल. त्यांना जाऊन सहा वर्षे झाली आणि घरात आता शुद्ध मराठी बोलायलाही कुणी नाही.

७ फेब्रुवारी

पुण्याहून तक्ता आला. तिन्ही ठिकाणची जोडणीची क्षमता, म्हणजे एका वेळी किती संगणक सर्व्हरला जोडून चालतात ते, भरून पाठवायची. नमन म्हणतो, सगळ्या नियोजनाचा पाया हाच. आपल्याकडे किती ताकद आहे हे माहीत नसेल तर ती कुठे वापरायची हे कसे ठरणार? मुलगा बोलतो छान. आजोबांचाच स्वर आहे, फक्त घाई जास्त.

नंदुरबारचा आकडा इथल्याच संगणकवाल्याने दिला. चाळीस.

तोरणमाळला रेवजी आहे. त्याला विचारले तर म्हणाला, "ऊन पडलं की चालतं मॅडम, ढग आला की बंद." त्याच्याकडे सौर पट्ट्या आहेत. तक्त्यात 'ऊन' लिहायला गेले तर रकाना लाल झाला. आकडाच हवा. नमन म्हणाला, मग शून्य टाका.

धडगावला लोटन. हा शहाद्याकडचा, बारा वर्षांपूर्वी वर घाटात गेला तो तिथेच राहिला. संगणक, बॅटऱ्या, तारा, सगळे तोच बघतो. फोन लागायला तास गेला आणि लागला तेव्हा मागे कोंबडे आरवत होते.

"लोटनभाऊ, क्षमता किती लिहू?"

"कसानी?"

"जोडणीची. एका वेळी किती चालतं?"

"पाचशे."

"पाचशे?" माझा विश्वास बसेना.

"हां, पाचशे. त्यानावर लावं का बठ्ठं बसी जास." म्हणजे, त्याहून जास्त लावले की सगळे बसते.

"बघा हं, पाचशे लिहिते."

"लिखी ल्या."

दोनदा खात्री केली. श्रुतलेखनात दोनदाच विचारायची मुभा असे. लिहिले: ५००. मला खरोखर आनंद झाला. आपण डोंगरातल्या माणसांना मागासलेले समजतो आणि लोटन तिथे कोंबड्यांमध्ये बसून नंदुरबारच्या बारापट काम उभे करतो.

१४ फेब्रुवारी

नमनच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला आहे. त्यावर तिन्ही केंद्रे सतत दिसतात. हिरवे म्हणजे ठीक, पिवळे म्हणजे लक्ष द्या, लाल म्हणजे धावा. तोरणमाळ काळे आहे, कारण शून्याने भागता येत नाही म्हणे.

नंदुरबार पिवळे. धडगाव हिरवेगार, आणि खाली अक्षरे: वापर १ टक्का.

"एक टक्का, आंटी," नमन म्हणाला. "पाचशेची क्षमता आणि सकाळपासून पाच जोडण्या. हे लोक करतात काय दिवसभर?"

मी म्हटले, लोटन कष्टाळू आहे.

"असेलही. पण डेटा तसं म्हणत नाही."

मला लोटनसाठी वाईट वाटले. डोंगरात माणूस सुस्तावत असेल. एकटेपणा असतो. नवनीतराव त्याला ओळखत, नेहमी म्हणत की लोटनसारखा माणूस मिळायचा नाही, पण ते सगळ्यांबद्दलच चांगले बोलत.

२० फेब्रुवारी

बैठक झाली. पुण्याची माणसे पडद्यावर होती. निर्णय असे झाले: तोरणमाळच्या रुग्णांची नोंद यापुढे धडगावला होईल. धडगावला आणखी चार संगणक पाठवायचे. धडगावसाठी मोठी जोडणी, म्हणजे जास्त संगणक पेलणारी तार, मंजूर झाली होती, लोटन ती दोन वर्षे मागत होता, ती आता नंदुरबारला घ्यायची, कारण गरज पिवळ्याला असते, हिरव्याला नसते.

अमृतलालजी कोपऱ्यात बसून ऐकत होते. त्यांनी एकच विचारले, "तोरणमाळचा आजारी माणूस धडगावला येणार कसा?"

"दादाजी, तो ट्रान्सपोर्टचा विषय आहे. आजचा विषय कपॅसिटी आहे."

अमृतलालजींनी मान हलवली. ते अठ्ठ्याहत्तरचे आहेत. आजकाल नातवाच्या बहुतेक बोलण्यावर ते तशीच मान हलवतात. कौतुकानेच असावे.

मोठी जोडणी रद्द केल्याचे पत्र मी लिहिले. 'आपल्या केंद्राची सक्षमता लक्षात घेता' अशी सुरुवात केली. निदान वाचताना त्याला बरे वाटेल.

२७ फेब्रुवारी

लोटनचा फोन. चारही संगणक पोचले, पण त्याने खोक्यातून काढलेच नाहीत.

"लावसू नही, मॅडम. लाईन झेपाव नही."

"लोटनभाऊ, तुमच्याकडे एवढी क्षमता असताना?"

"क्षमता शे म्हनीसनच ते चाली ऱ्हायनं आजलोंग."

क्षमता आहे म्हणूनच आजवर चालत आले, या वाक्याचा मी पुष्कळ विचार केला, पण अर्थ लागला नाही. नमनला सांगितले तेव्हा तो हसला. बदलाला विरोध होतो, तो पहिल्या दोन महिन्यांत दिसतो, त्याच्या पुस्तकात तसे दिलेच आहे, म्हणाला. शिवाय त्याच्या कानावर आले आहे की तिथली झाडलोट करणारी फुलीबाई दारात उभी राहून माणसे अडवते आणि थोडी थोडी आत सोडते.

"जागा पाचशेची आणि दारावर पहारा. कमाल आहे."

पत्र लिहिले. संगणक त्वरित सुरू करावेत. दारावर कुणासही अडवू नये. शेवटी 'आपल्या सहकार्याची खात्री आहे' हे मी माझ्या मनाने घातले.

७ मार्च

काल धडगावला होळीआधीचा मोठा बाजार होता. सगळ्या पाड्यांवरून माणसे खाली आली होती. काठी गावच्या होळीला जायचे, त्याआधी हार, घुंगरू, गूळ, डाळ्या घ्यायच्या, आणि बाजाराला आलोच आहोत तर दवाखान्यातही जाऊन यायचे. हे दर वर्षी असेच होते, असे मला आज कळले. तोरणमाळचेही लोक आले होते, कारण आपणच त्यांना बोलावले होते.

लोटनने हुकमाप्रमाणे सकाळी नऊच्या नऊ संगणक लावले. फुलीबाईला दारावरून काढून अंगण झाडायला पाठवले. दहा वाजून काही मिनिटांनी सगळे बंद पडले. नोंदणी, डॉक्टरांच्या दोन्ही खोल्या, रक्त तपासणी, औषधांची खिडकी. औषधाच्या खिडकीला कार्ड उघडल्याशिवाय औषध देता येत नाही. सिकलसेलच्या गोळ्या नेणारी मुले होती, फिट येणारी माणसे होती. दुपारी दोनपर्यंत काही उघडले नाही.

इथे भिंतीवर धडगाव हिरवे होते. वापर २ टक्के. मी स्वतः पाहिले. नमन म्हणाला, "बघा, सुधारतंय."

मग लोटनने केलेली गोष्ट नियमाबाहेरची आहे. त्याने कपाटातून जुनी वही काढली, पाठ असलेली आणि वहीत असलेली नावे-औषधे डॉक्टरांना सांगितली आणि शहाऐंशी माणसांना कागदावर लिहून औषधे दिली. पन्नासएक माणसे तशीच परत गेली. कागदी नोंद जानेवारीपासून बंद आहे.

परत गेलेल्यांमध्ये एक तोरणमाळची बाई होती. मूल पाठीला बांधून पहाटे निघाली होती. आपल्या सिस्टिममध्ये तिचे नाव 'नोंद नाही' असे आहे.

१० मार्च

दिवसभर बैठक. पुण्याच्या कंपनीने 'मूळ कारण' शोधून काढले. पाच वेळा 'का' विचारायचे, अशी त्यांची पद्धत आहे. का बंद पडले? भार जास्त झाला. का जास्त झाला? क्षमता कमी होती. मग भार का टाकला? तक्त्यात क्षमता जास्त होती. जास्त का होती? केंद्राने चुकीची सांगितली.

पाचवा 'का' विचारायची गरज पडली नाही. जेवणाची वेळ झाली होती.

मूळ कारण: मानवी चूक. माणूस: लोटन. पुण्याच्या माणसांनी धडगावची तार तपासली. ती पाच जोडण्यांपेक्षा जास्त पेलत नाही. शंभरपट आकडा सांगितला, एक. बंद केलेली कागदी नोंद वापरली, दोन. कारणे दाखवा नोटीस, उत्तराला दहा दिवस, नाही तर सेवा समाप्त.

नोटीस मी टाइप केली. इतका सरळ माणूस पाचाचे पाचशे का करेल? मोठेपणा? नंदुरबारच्या आम्हा लोकांसमोर आपण कमी नाही हे दाखवायचे होते का? मी त्याला कधी कमी लेखले नव्हते. त्याच्या बोलण्यामुळे असेल तर ते मी कधी तोंडावर दाखवले नाही.

नोटिशीची भाषा शक्य तेवढी मऊ ठेवली. 'हेतुपुरस्सर'च्या जागी 'अनवधानाने अथवा हेतुपुरस्सर' केले. नमनने 'अनवधानाने' काढून टाकले.

१२ मार्च

लोटनचा फोन आला.

"मॅडम, मी पाचच सांगेल व्हतं."

"नाही हो लोटनभाऊ. मी दोनदा विचारलं. तुम्ही दोन्हीदा पाचशे म्हणालात."

"मंग तेच ना. पाचशे."

"बघा, आताही म्हणताय."

मग तो म्हणाला, "मन्ही बायको बिमार शे, मॅडम. आठला धडगावना दवाखाना सोडीसन मी कोठे जाऊ?" आणि ठेवला.

मला रडू आले. पण माझ्या कानांवर माझा विश्वास आहे. दुसरे काय आहे माझ्याकडे?

१७ मार्च

छबूबाईला डोळ्यांचा त्रास होतो म्हणून आज तिला रुग्णालयात तपासणीला पाठवले. मी वर कार्यालयात. अकरा वाजता तिला खाली फोन केला.

"छबूबाई, नंबर लागला का?"

"लागना ताई."

"किती?"

"पाचशे."

"अगं, पाचशे? मग आज काही होत नाही. घरी जा, उद्या लवकर ये."

"घर कसाले जाऊ? मन्हा पुढे चारच बाया शेतस."

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. ती तिकडून विचारत होती, "ताई, ऐकू येस ना? नंबर पाच. पाच, शे. आते एक नंबरनी बाई मझार गयी."

मी जिना उतरून खाली गेले. बाकावर छबूबाई होती, तिच्या पुढे तीन बाया. तिच्या हातातल्या चिठ्ठीवर छापलेला आकडा: ५.

चौतीस वर्षे मी हा शब्द रोज ऐकते. भाजी शे, दूध नही शे, कोन शे. कुणी मला विचारले असते तर अर्थही सांगितला असता. पण हातात पेन होते, समोर आकड्याचा रकाना होता आणि मी भाषा ऐकलीच नाही, फक्त संख्या ऐकली.

नवनीतराव आपल्या भावाशी फोनवर बोलायचे तेव्हा अंगणात जायचे. मला वाटे, आत रेंज नसते. आमच्या घरात रेंज कायम चांगली होती.

१८ मार्च

कार्यालयात गेले. कुणाशी बोलले नाही.

१९ मार्च

आजही नाही.

प्रामाणिकपणे लिहायचे तर भीती वाटते. नोव्हेंबरमध्ये निवृत्ती आहे. सत्तावीस वर्षांत माझ्या एकाही पत्रात चूक निघाली नाही, असे अमृतलालजी पाहुण्यांना सांगतात. निरोप समारंभात तेच सांगतील, हे मी मनात धरून बसले आहे. आणि दुसरीकडे मन सांगते, लोटन काम करणारा माणूस, त्याला कुठेही काम मिळेल. मग आठवते की त्याची बायको आजारी आहे आणि दवाखाना तोच आहे.

उद्या मुदत संपते.

२० मार्च

सकाळी जीपवाल्याच्या हाती लोटनचे उत्तर आले. वहीचे फाडलेले पान. शाळेतल्यासारखी शुद्ध मराठी, एकेक अक्षर सुटे काढलेले.

'मी क्षमता पाच सांगितली होती. कागदावर औषधे दिली ते खरे आहे. बाकी मॅडमना माहीत.'

ते पान घेऊन नमनकडे गेले आणि सगळे सांगितले. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने चष्मा काढून पुसला.

"आंटी, तो रकाना आता लॉक झालाय. मार्च संपेपर्यंत उघडत नाही."

"रकाना राहू दे. माणसाचं काय?"

"मूळ कारण 'मानवी चूक'च आहे. ते तर बदलत नाही."

"माणूस बदलतो ना."

"तोच प्रॉब्लेम आहे." तो खरोखर अडचणीत दिसत होता. "तुम्ही समन्वयक आहात. समन्वयकाची चूक म्हणजे पद्धतीची चूक, आणि पद्धत म्हणजे… बघा, लोटनला आपण काढायचंच नाही. इथे आणू. घोंगड्यांच्या खोलीत बसेल, सन्मानाने. तुमचं नाव कुठे येणार नाही."

"त्याची बायको तिकडे उपचारात आहे."

"तो…" त्याने वाक्य सोडले. बहुधा ट्रान्सपोर्टचा विषय म्हणणार होता.

आठ दिवसांपूर्वी मला ही सोय फार समजूतदार वाटली असती. मी म्हटले, बैठकीत बोलेन. तो म्हणाला, अजेंड्यात नाही. मी म्हटले, अजेंडा मीच टाइप करते.

२१ मार्च

बैठकीत उभी राहिले आणि लिहून आणलेले वाचले. लांबवले नाही. सात फेब्रुवारीला लोटनने पाच सांगितले, मी पाचशे लिहिले, नोटीसही मी लिहिली.

पडद्यावरचा पुण्याचा गृहस्थ म्हणाला, "सॉरी, समजलं नाही. तिकडे 'आहे'ला शंभर म्हणतात?"

कुणीतरी हसले. मी पण हसले असते, एरवी.

मग ती माणसे आपसात बोलली आणि त्यांचे चेहरे उजळले. मूळ कारण बदलून 'भाषिक जोखीम' केले. हे मानवी चुकीपेक्षा चांगले आहे म्हणे, कारण त्यात माणूस लागत नाही. पुढच्या तक्त्यात 'स्थानिक बोली' असा नवा रकाना येईल. आणि ही त्रुटी स्वतःहून उघड केल्याबद्दल मला प्रशस्तिपत्र द्यावे, असे नमनने सुचवले. टाळ्या झाल्या.

लोटनचे नाव कुणी काढले नाही. भाषिक जोखमीत त्याचे काही काम नव्हते.

अमृतलालजी तेवढ्यात म्हणाले, "कुमुदबेन, नोटीस कोणी लिहिली म्हणालात?"

"मी."

"मग मागे घेण्याचं पत्रही तुम्हीच लिहा. आत्ता. आम्ही बसलोय."

सगळे बसून राहिले. मी लिहिले, त्यांनी सही केली. चार संगणक परत आणायचे, तोरणमाळ पुन्हा सुरू करायचे, दारावर कुणाला किती सोडायचे ते लोटनने ठरवायचे, हेही त्यांनी त्यातच घालायला लावले. मोठ्या जोडणीचे मी विचारले. नमन म्हणाला, पुढच्या तिमाहीत विचारात घेऊ. अमृतलालजींनी त्याच्याकडे पाहून मान हलवली. आज ते कौतुक नसावे असे मला पहिल्यांदाच वाटले.

पत्राचा फोटो लोटनला लगेच पाठवला. त्यावर त्याचे काही आले नाही.

प्रशस्तिपत्र मला नको, असे मी सांगायला हवे होते. सांगितले नाही. ते आधीच छापायला गेले होते.

२४ मार्च

रजा घेऊन धडगावला गेले. सत्तावीस वर्षांत धडगावला लिहिलेली पत्रे मोजली तर पोते भरेल, पण मी तिथे दोनदाच गेले होते, दोन्हीदा उद्घाटनाला, गाडीतून. आज शहाद्यापर्यंत एसटी आणि पुढे प्रवासी जीप. घाटात एका म्हातारीने तिचे गाठोडे न विचारताच माझ्या मांडीवर ठेवले.

बाजाराचा दिवस निघाला. दवाखान्याच्या अंगणात गर्दी. मी सरळ दाराशी गेले तर एका बारीक बाईने हात आडवा धरला. ही फुलीबाई.

"पाच आत. थांब."

"मी नंदुरबारहून आलेय. ऑफिसमधून."

तिने माझ्याकडे पायापासून वरपर्यंत पाहिले. "थांब," म्हणाली, आणि बाकावरच्या एका माणसाला सरकायला सांगून मला जागा करून दिली.

मी पावणेदोन तास बसले. एक बाहेर आला की एक आत. फुलीबाईला कुणी विचारत नव्हते की का. एकदा एक पोर तापाने फणफणलेले आले तेव्हा तिने आतल्या एकाला हाताला धरून बाहेर काढले आणि पोराला आत घातले. बाहेर काढलेला माणूस मुकाट्याने माझ्या शेजारी येऊन बसला. आत काहीही बंद पडले नाही. माझ्या लक्षात आले की नमनच्या पडद्यावर दिसायला हवे होते ते हे, पण ते कोणत्या रंगात दाखवतील कोण जाणे.

माझी पाळी आली. लोटन संगणकासमोर होता. मी कल्पना केली होती त्यापेक्षा खूप म्हातारा, केस पांढरे. इतकी वर्षे फोनवर तो मला तरुणच वाटत आला. त्याने मान वर केली आणि मला ओळखले नाही. मी नाव सांगितले तेव्हा उठून उभा राहिला.

"मॅडम. तुम्ही? आठे?"

"पत्र मिळालं ना?"

"मियनं. लाई लिधं." त्याने खिडकीच्या चौकटीला टाचलेला छापील कागद दाखवला. "मंग आते कसाले उनात इतली लांब?"

"तुमची माफी मागायला."

त्याने माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिले. फुलीबाई बोटांनी काहीतरी मोजत होती.

"बरं," तो म्हणाला. "मांगी ल्या. मांगे लोके बठेल शेतस."

एसटीत मी सबंध परिच्छेद जुळवून आणला होता. त्यात नवनीतराव होते, चौतीस वर्षे होती. ते सगळे राहिले. मी म्हटले, "लोटनभाऊ, चुकले माझे."

"बरं," तो पुन्हा म्हणाला, खाली बसला आणि मला मागच्या दाराने जायला सांगितले, म्हणजे पुढच्या माणसाला लगेच आत येता येईल.